गाडीची रोजकीर्द वाचताना
एटापल्लीसारख्या दूरच्या गावी ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो तेव्हा

एटापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, सागवानाच्या जंगलाने वेढलेले तालुक्याचे ठिकाण. आलापल्ली येथून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. रेल्वेचे मोठे स्थानक गाठायचे तर बल्लारपूरला जावे लागते आणि चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्याच्या गावांची वाट शंभर किलोमीटरहून अधिक. त्यामुळे इथल्या किराणा, कापड, भांडी आणि बी-बियाण्यांच्या दुकानांत येणारा प्रत्येक नग रस्त्याने येतो. मोहफुलांचा हंगाम असो, मे महिन्यातील तेंदूपानांचा असो की दिवाळीनंतरचा धानाचा, व्यापाऱ्याची गाडी उभी राहिली की व्यवहारही उभा राहतो. आणि प्रश्न केवळ व्यवहाराचा नसतो. रात्री-अपरात्री घरातल्या किंवा शेजारच्या रुग्णाला पुढील उपचारासाठी मोठ्या गावी न्यायची वेळ आली, तर अनेकदा दुकानाचीच गाडी दारातून निघते.

अशा ठिकाणी गाडीच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की घरात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींच्या मते तो दिवा आपोआप जातो, लक्ष देण्याचे कारण नाही. काही जण घाबरून मिळेल त्या वाहनाने गाडी ओढत चंद्रपूरला पाठवतात. दोन्ही मार्गांत नुकसान संभवते. पहिल्यात किरकोळ दोष वाढत जाऊन मोठा भाग निकामी होतो, दुसऱ्यात सैल झालेल्या एका वायरीसाठी दोन दिवस आणि ओढून नेण्याचे भाडे जाते. यांच्या मधला मार्ग आहे तो दिव्यामागची नोंद वाचण्याचा. ही विद्या अवघड नाही. व्यापारी घरांना तर ती विशेष जवळची वाटावी, कारण तिचे स्वरूप हिशेबाच्या वहीसारखेच आहे.

नोंदवही गाडीत कशी आली

मोटारीतील संगणकाने स्वतःच्या दोषांची नोंद ठेवावी, ही कल्पना धुराच्या प्रश्नातून पुढे आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य, विशेषतः लॉस एंजेलिस शहर, वाहनांच्या धुरक्याने त्रस्त होते. धूर नियंत्रित करणारी यंत्रणा बिघडली तरी चालकाला ते कळत नसे, कारण गाडी धावतच राही. म्हणून त्या राज्याने १९८८ पासूनच्या गाड्यांना दोष ओळखून दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची केली. पुढे १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकसारखे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकसारखे संकेत ठरवून देण्यात आले. हीच ओबीडी-दोन पद्धत.

भारतात भारत स्टेज-चार दर्जाच्या गाड्यांना ही व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. मात्र हा दर्जा सुरुवातीला निवडक मोठ्या शहरांपुरता होता, देशभर तो १ एप्रिल २०१७ पासून आला. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून सारा देश थेट भारत स्टेज-सहावर गेला. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आज या सर्व पिढ्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावताना दिसतात. जुनी जीप निव्वळ कानाने तपासता येते, पण तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नव्या डिझेल पिकअपचे म्हणणे स्कॅनर लावल्याखेरीज कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातोडी-पान्यावर नाव कमावलेल्या मिस्त्रींपुढेही त्यामुळे नवे शिक्षण उभे राहिले आहे.

पाच अक्षरांची नोंद

फॉल्ट कोड पाच चिन्हांचा असतो. पहिले चिन्ह खाते सांगते. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक व चाकांकडील भाग, ‘बी’ म्हणजे एअरबॅगसारखी बॉडीतील यंत्रणा आणि ‘यू’ म्हणजे गाडीतील निरनिराळ्या संगणकांमधला आपापसातला संवाद. दुसरा अंक शून्य असेल तर कोड बहुधा सर्व कंपन्यांना समान असतो, एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरा अंक पोटखाते दाखवतो आणि शेवटचे दोन नेमकी नोंद.

उदाहरणार्थ, पी०३०३ घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन, शून्य म्हणजे सर्वसामान्य कोड, तीन म्हणजे ठिणगी व ज्वलन, आणि शेवटचे ‘०३’ म्हणजे तिसरा सिलिंडर. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत आहे, एवढेच ही नोंद सांगते. स्पार्क प्लग झिजला, कॉइल गेली, इंजेक्टर तुंबला की वाल्व्हमधून दाब गळतो आहे, याबद्दल ती मौन पाळते.

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कोड म्हणजे तक्रार, तो निवाडा नव्हे. रोजकीर्दीत रक्कम कमी भरली म्हणून कोणी लगेच गल्ल्यावरच्या नोकराला दोषी ठरवत नाही. आधी पावत्या ताळून पाहतात, बेरीज पुन्हा करतात, उधारीची नोंद राहिली का ते बघतात. गाडीच्या बाबतीत मात्र कोडमध्ये ज्या भागाचे नाव आले तो भाग ताबडतोब बदलण्याची घाई केली जाते. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. सेन्सरने बिचाऱ्याने खरे तेच सांगितलेले असते. दोष तो ज्याविषयी बोलत होता, तिथे असतो.

ताळा कसा घ्यावा

चांगल्या मेकॅनिकच्या कामात एक ठरलेला क्रम दिसतो. पहिली पायरी म्हणजे कोड पुसण्याआधी सर्व नोंदी लिहून घेणे. कोडसोबत संगणक त्या क्षणाचे चित्रही जपून ठेवतो. दोष नोंदला गेला तेव्हा गाडीचा वेग किती होता, इंजिन थंड होते की गरम, त्याच्यावर भार किती होता, हे त्यातून कळते. याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. कोड घाईने पुसला की हा पुरावाही बहुधा त्याबरोबर नाहीसा होतो. काही कोड अजून ‘प्रलंबित’ असतात. दोष एकदा दिसला आहे, पण दिवा लावण्याइतकी खात्री व्हायची आहे, असा त्यांचा अर्थ. धूर-नियंत्रणाचे बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळले तरच दिवा पेटतो, म्हणून प्रलंबित नोंद ही आगाऊ सूचना ठरते.

दुसरी पायरी डोळ्यांची आणि हातांची. बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा बुरसटलेले आहेत का, इंजिनाची अर्थिंगची वायर घट्ट आहे का, हवेच्या नळीला चीर गेली आहे का, कनेक्टरमध्ये पाणी वा माती शिरली आहे का, फ्यूज शाबूत आहेत का, हे पाहायला खर्च येत नाही. एकाच वेळी आठ-दहा कोड आले म्हणजे आठ-दहा भाग बिघडले असे नव्हे. अशा वेळी सर्वांना समान असलेली गोष्ट शोधावी. अनेक सेन्सरना पाच व्होल्टचा एकच पुरवठा जातो, त्यांची अर्थिंगही एकत्र असते. तिथे एक वायर सोलली गेली तरी सारे सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात. त्यात पी०५६२ असेल तर सिस्टिमचा व्होल्टेज कमी असल्याची ती नोंद आहे. मग तपासाची सुरुवात बॅटरी आणि अल्टरनेटरपासूनच व्हायला हवी.

तिसरी पायरी म्हणजे खर्चाविना होणारी परीक्षा. वरील पी०३०३ चेच पाहा. ज्या पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते, तिथे तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावावी आणि दुसऱ्याची तिसऱ्याला. गाडी चालवून कोड पुन्हा वाचावा. आता पी०३०२ आला तर कॉइलच दोषी, कारण दोष तिच्याबरोबर सरकला. पी०३०३ जागेवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगवर करावा, त्यानंतर इंजेक्टरकडे आणि दाबाच्या चाचणीकडे वळावे. नवा भाग विकत न घेता निम्मे उत्तर हाती येते.

पी०१७१ हा कोड इंधन-हवेचे मिश्रण पातळ झाल्याचे सांगतो. त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही फार वेळा होणारी चूक. संगणक मिश्रण सावरण्यासाठी किती टक्के इंधन वाढवतो आहे, हे स्कॅनरवर दिसते. मेकॅनिक त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. हा आकडा अधिक-उणे दहाच्या आत असणे साधारणपणे समाधानकारक मानले जाते. गाडी जागेवर चालू असताना तो पंचवीसपर्यंत चढत असेल आणि इंजिनाची गती वाढवताच खाली येत असेल, तर कुठून तरी चोरहवा आत शिरते आहे. उलट, चढावर किंवा भारात तो वाढत जात असेल तर इंधन कमी पडते आहे, म्हणजे फिल्टर वा पंप तपासावा. एकाच कोडचे दोन वेगळे रोग, आणि ते ओळखायला लागतात फक्त पाच मिनिटे.

या मातीतील दोष

प्रत्येक मुलखाचे आपले आजार असतात, तसे गाड्यांचेही. एटापल्लीच्या परिसरात सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिजाची जड वाहतूक चालते. उन्हाळ्यात त्या मार्गांवर लालसर धूळ उडते. हवेचा फिल्टर वेळापत्रकातील किलोमीटरपेक्षा बराच आधी तुंबतो. हवेचे प्रमाण मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर थर साचला की पी०१०१ सारखा कोड येतो. नवा सेन्सर मागवण्यापूर्वी फिल्टर बदलावा आणि त्या सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने तो स्वच्छ करून पाहावा. कापडाने पुसणे मात्र टाळावे, आतली बारीक तार तुटते.

पावसाचे चार महिने वेगळे. भामरागडकडची वाट पर्लकोटेच्या पुराने दरवर्षी अडते, तालुक्यातील नाल्यांवरूनही पाणी वाहते. पाण्यातून गाडी काढल्यानंतर ब्रेक आणि चाकांच्या सेन्सरचे ‘सी’ गटातील कोड दिसणे नवलाचे नाही. कनेक्टर उघडून, वाळवून, गंज काढून पुन्हा बसवला तर बहुतेकदा काम भागते. डिझेल गाडीत पी००८७, म्हणजे इंधनाचा दाब कमी, ही नोंद आली तर महागड्या पंपाचे नाव घेण्याआधी डिझेल फिल्टर पाहावा आणि त्याखाली साचलेले पाणी सोडावे. कसनसूर, जारावंडी, गट्टा अशा आतल्या गावांकडे जाताना कॅनमधले डिझेल भरण्याची वेळ आली असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी.

धान्याची गोदामे असलेल्या घरांत उंदरांचा उपद्रव हा गाडीचाही शत्रू आहे. ऊब आणि आडोसा शोधत ते बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. मग ‘यू’ गटातील संवाद तुटल्याचे कोड एकाएकी उगवतात. यावर विष हा उपाय नाही, त्याची गरजही नाही. गाडी धान्याच्या पोत्यांपासून दूर व उजेडात उभी करावी, बॉनेटखाली पालापाचोळा व खाद्याचे कण राहू देऊ नयेत, वायरिंगच्या उघड्या भागांवर मजबूत आवरण चढवावे आणि गाडी फार दिवस न हलवता ठेवू नये. जीव न घेताही वायर वाचते.

भारत स्टेज-सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. मेकॅनिक त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमानाला जाळून तो स्वतःला स्वच्छ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग व बऱ्या वेगात धावावी लागते. दुकान ते गोदाम, गोदाम ते घर अशा छोट्या फेऱ्यांत ते घडत नाही. मग काजळीचा दिवा लागतो आणि पी२४६३ नोंदला जातो. हा दिवा दिसताच गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिला मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावे. दुर्लक्ष केले तर इंजिन आपली ताकद आखडते आणि पुढे वर्कशॉपमधील स्कॅनरनेच सफाई करावी लागते. त्याहीपुढे गेल्यास फिल्टर बदलण्याचा भुर्दंड.

जंगलात राहणाऱ्यांनी यातील एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. ही सफाई चालू असताना सायलेन्सरचा भाग अतिशय तापतो. मार्च ते मे या काळात सागाच्या वाळलेल्या पानांवर किंवा सुक्या गवतावर अशी गाडी उभी केली, तर वणवा लागू शकतो. गाडी नेहमी मोकळ्या, स्वच्छ जमिनीवरच थांबवावी.

काही डिझेल गाड्यांत धुरावर प्रक्रिया करणारे युरियाचे द्रावण भरावे लागते. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते. शेतीचे युरिया खत पाण्यात विरघळवून ते घरी करण्याचा मोह अजिबात नको. खतातील अशुद्ध घटकांनी पंप, नोझल आणि कॅटलिस्ट खराब होतात, आणि वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. द्रावण संपत आले की गाडी आधी सूचना देते, नंतर काही मॉडेलांत इंजिन पुन्हा सुरूच होऊ देत नाही. म्हणून त्याचा एक सीलबंद डबा दुकानात असलेला बरा.

खोडलेली नोंद

स्कॅनरवरचे एक बटण दाबले की कोड पुसला जातो आणि दिवा विझतो. दुरुस्ती झाल्यावर तसे करणे योग्यच. दुरुस्तीऐवजी तसे करणे ही मात्र स्वतःची फसवणूक आहे, आणि जुनी गाडी विकताना केले तर ती दुसऱ्याची फसवणूक आहे. नोंद खोडली म्हणून देणे फिटत नाही, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वह्या सांभाळल्या त्यांना वेगळे सांगायला नको.

सुदैवाने ही लबाडी पकडण्याची सोय गाडीतच आहे. कोड पुसताच संगणकाने केलेल्या स्वयंचाचण्यांचे निकालही कोरे होतात, आणि ते पुन्हा पूर्ण व्हायला अनेक किलोमीटर व निरनिराळ्या वेगांची धाव लागते. जुनी गाडी घेताना स्कॅनरवर ‘रेडिनेस’ हा भाग उघडून पाहावा. कोड एकही नाही, पण बहुतेक चाचण्या अपूर्ण, असे दिसले तर नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. बॅटरी काढून लावल्यानेही असे होऊ शकते, म्हणून लगेच आरोप करू नये. विक्रेत्याला कारण विचारावे, गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासण्याची मुभा मागावी आणि त्यानंतरच सौदा करावा. त्याचप्रमाणे स्वतःची गाडी विकताना माहीत असलेला दोष सांगून टाकावा. किंमत थोडी कमी येईल, पेढीचा शब्द मात्र तसाच राहील.

निदानाचे मोल

लहान गावातील मेकॅनिकची अडचण अशी, की ग्राहक भागाचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. दोन तास तपासून त्याने एक सैल कनेक्टर घट्ट केला, तर ‘एवढ्याशा कामाचे इतके पैसे?’ असा प्रश्न येतो. तोच मेकॅनिक अर्ध्या तासात महाग सेन्सर बदलून गेला, तर कोणी घासाघीस करत नाही. या व्यवहारात ग्राहकच नकळत चुकीच्या पद्धतीला बक्षीस देत असतो. डॉक्टरांना आपण तपासणीची फी देतो, औषध लिहून दिले नाही तरी देतो. तोच न्याय मेकॅनिकला लावला, तर एटापल्ली-आलापल्लीसारख्या गावांतही चांगले निदान करणारी तरुण मुले टिकतील आणि दर खेपेस चंद्रपूरची वाट धरावी लागणार नाही. ज्याच्या हाताखाली दहावी-बारावी झालेली, स्थानिक माडिया घरांतली मुले काम शिकत आहेत, अशा गॅरेजला एक बरा स्कॅनर घेण्यासाठी हात दिला, तर त्याचा लाभ साऱ्या गावाच्या गाड्यांना होतो.

ग्राहकानेही तीन गोष्टी आग्रहाने मागाव्यात. दुरुस्तीआधीचे कोड लिहून घ्यावेत, कोणत्या परीक्षेवरून भाग बदलायचे ठरले ते विचारावे, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक मेकॅनिकला यात अपमान वाटत नाही.

घरी काय असावे

ब्लूटूथवर चालणारा साधा कोड रीडर आणि फोनवरील अ‍ॅप एवढ्याने इंजिनाचे सर्वसामान्य कोड वाचता येतात. एबीएस, एअरबॅग किंवा डीपीएफची सक्तीची सफाई यांसाठी मात्र बहुधा मोठा स्कॅनर लागतो. आतल्या रस्त्यांवर मोबाइलचे जाळे मिळेलच असे नाही, म्हणून कोडांची यादी आणि गाडीची पुस्तिका फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावी. काम झाल्यावर रीडर सॉकेटमधून काढून ठेवावा, अन्यथा उभ्या गाडीची बॅटरी तो हळूहळू उतरवतो.

दिव्यांचा रंग घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक हवा. स्थिर पिवळा दिवा म्हणजे सावकाश चालवा व लवकर तपासा. पिवळा दिवा उघडमीट करत असेल तर ज्वलन गंभीरपणे चुकते आहे, वेग व भार तत्काळ कमी करून सुरक्षित जागी थांबावे, नाहीतर कॅटलिटिक कन्व्हर्टर जळून जाईल. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार मनात आणू नये. इंजिन तिथेच बंद करावे.

आणि शेवटी गाडीच्या खणात एक छोटी वही असावी. तारीख, किलोमीटर, आलेला कोड, त्या वेळचा पाऊस-ऊन, केलेली तपासणी आणि झालेला खर्च, एवढ्या सहा रकान्यांची. वर्षभरात त्या पानांवरून कळू लागते, की एखादा कोड फक्त पहिल्या पावसात येतो किंवा एखादा भाग दोनदा बदलूनही तक्रार जात नाही. स्कॅनर आजची स्थिती सांगतो, गाडीची जुनी खोड या वहीत सापडते. ती वही पुढे ठेवली, की अनोळखी मेकॅनिकचेही अर्धे काम सोपे होते.